वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाच्या मैदानाचा जमाखर्च

विद्यापीठांच्या शुल्कवाढीवर या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी एकाच शंकेभोवती फिरत होती : विद्यापीठे खेळांवर जो पैसा खर्च करतात, त्याचा हिशेब सामान्य पालकाला किंवा करदात्याला पाहायला मिळतो का? बहुतेक पत्रे अमेरिकेतल्या वाचकांची आहेत आणि ते स्वाभाविक आहे, कारण विद्यार्थ्यांच्या खेळाचा एवढा मोठा धंदा दुसऱ्या कोणत्याही देशात झालेला नाही. एक पत्र कोल्हापूर जिल्ह्यातले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी रटगर्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक सत्राच्या बिलात शिकवणी शुल्काखाली ‘कॅम्पस फी’ अशी एक ओळ असते. त्यातले पैसे फुटबॉलचा तोटा भरून काढायला जातात, असे आमच्या ओळखीतले लोक सांगतात. हे खरे आहे का? असल्यास किती जातात, हे आम्हाला कोण सांगेल? आणि आम्ही विचारल्याचा मुलीला त्रास तर होणार नाही ना? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : विद्यार्थी शुल्कातला एक वाटा रटगर्सच्या क्रीडा विभागाकडे जातो हे खरे आहे, आणि ते गुपितही नाही. गुपित असते ते निराळ्याच ठिकाणी, म्हणून आधी हा हिशेब कसा मांडतात ते पाहू.

अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक विद्यापीठाला एनसीएए या क्रीडा संघटनेकडे दरवर्षी १५ जानेवारीपर्यंत ठरावीक नमुन्यात जमाखर्च पाठवावा लागतो. त्या नमुन्यात जमेच्या बाजूला दोन जातींचे पैसे एकाखाली एक बसवलेले असतात. तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क, देणग्या आणि जाहिराती यांतून येणारा पैसा विभागाने कमावलेला असतो. विद्यार्थी शुल्क, विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून मिळालेली मदत आणि राज्य सरकारचे अनुदान हा पैसा त्याला दिलेला असतो. दोन्हींची बेरीज करून खर्च वजा केला की पुष्कळ विद्यापीठांच्या हिशेबात तोटा जवळजवळ उरतच नाही, कारण जेवढे कमी पडते तेवढे वरून घातलेले असते. तेव्हा ‘हिशेब जुळला आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तो कशाने जुळवला, ते पाहावे लागते. २०२०–२१ या कोविडग्रस्त वर्षात, ही घातलेली रक्कम बाजूला काढल्यावर रटगर्सच्या क्रीडा विभागाचा तोटा सुमारे ७ कोटी ३० लाख डॉलर निघाला होता. प्रेक्षकांविना सामने झालेले ते वर्ष होते, त्यामुळे त्याला सरासरी समजू नये. पण त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षेही नफ्याची नव्हती.

याहून एक बारीक गोष्ट आहे. वर्षानुवर्षे लेखापरीक्षण केलेल्या माणसाची नजर तिकडे आधी जाते. विद्यापीठ आपल्याच क्रीडा विभागाला कर्जही देते. मदत दिली तर ती मदतीच्या रकान्यात दिसते, पण तीच रक्कम कर्ज म्हणून दिली की रकाना बदलतो आणि ‘ही परत येणार आहे’ असे म्हणायची सोय होते. रटगर्स २०१४ मध्ये बिग टेन या श्रीमंत गटात सामील झाले. तिथल्या उत्पन्नाचा पूर्ण वाटा मिळायला बरीच वर्षे लागणार होती, आणि त्या भावी उत्पन्नाच्या भरवशावर खर्च मात्र आधीच सुरू झाला. अशा वेळी कर्ज किती, कोणत्या व्याजाने आणि कोणत्या मुदतीचे, हा प्रश्न त्या वर्षीच्या तोट्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

रटगर्सच्याच इतिहासातला एक प्रसंग इथे सांगायला हवा. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना १८६९ मध्ये न्यू ब्रन्सविकला झाला आणि रटगर्सने तो प्रिन्स्टनविरुद्ध जिंकला, पण त्यानंतरची सव्वाशे-दीडशे वर्षे काही फार वैभवाची गेली नाहीत. ग्रेग शियानो प्रशिक्षक झाल्यावर २००६ च्या हंगामात संघाने अकरा सामने जिंकले आणि सगळा नूर पालटला. त्याच सुमारास तलवारबाजी, पुरुषांचे टेनिस यांसह सहा खेळ पैसे नाहीत म्हणून बंद करायचे ठरले आणि दुसरीकडे १० कोटी २० लाख डॉलरचा स्टेडियम-विस्तार हाती घेण्यात आला. २००८ मध्ये ‘स्टार-लेजर’ या दैनिकाने बाहेर काढले की प्रशिक्षकाच्या उत्पन्नाचा एक भाग विद्यापीठाच्या वेतनपत्रकातून जातच नव्हता. विद्यापीठाचे जाहिरात हक्क विकणारी खासगी कंपनी त्याला वर्षाला अडीच लाख डॉलर देत होती. स्टेडियमचा विस्तार वेळेत झाला नाही, तर भरपाई न देता सोडून जाण्याची मुभा देणारे एक कलमही करारात होते, आणि त्याची जाहीर वाच्यता कधी झाली नव्हती. चौकशी समितीचा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला आणि डिसेंबरमध्ये क्रीडा संचालक रॉबर्ट मुल्काही यांना जावे लागले.

त्या सगळ्या काळात प्रशिक्षकाचे मूळ वेतन जाहीरच होते. पत्रकारांनी ‘पगार किती?’ एवढेच विचारले असते, तर त्यांना खरे उत्तर मिळाले असते आणि काहीच कळले नसते. त्यांनी करारनामे मागितले, पुरवणी पत्रे मागितली, कंपनीशी झालेला व्यवहार मागितला. अलीकडचे उदाहरण याहून घरगुती आहे. एनसीएएच्या नमुन्यात ‘खेळाडूंचे जेवण’ असे एक लेखाशीर्ष असते आणि ते वाचून कोणाच्याही भुवया उंचावणार नाहीत. पण स्थानिक पत्रकारांनी त्या शीर्षाखालची बिले मागवली, तेव्हा २०२१–२२ च्या साधारण वर्षभरात फुटबॉल संघाच्या नावावर डोअरडॅशवरून साडेचार लाख डॉलरहून अधिक किमतीचे खाणे मागवले गेल्याचे दिसले. घरी भाजी-पोळी करून पोटाला चिमटा काढत शुल्क भरणाऱ्या पालकाला तो कागद वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको.

आता आपण काय करावे ते सांगतो. न्यू जर्सीचा ओप्रा हा सार्वजनिक नोंदींचा कायदा रटगर्सला लागू आहे. अर्ज विद्यापीठाच्या नोंदी-अभिरक्षकाकडे करायचा असतो आणि सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यावे लागते. इलेक्ट्रॉनिक प्रतीला सहसा पैसे पडत नाहीत. मात्र एक पथ्य पाळा. ‘फुटबॉलवर किती खर्च झाला?’ असे लिहू नका. तो प्रश्न झाला, आणि न्यायालयांनी स्पष्ट केले आहे की हा कायदा नोंदी देण्याचा आहे, संशोधन करून उत्तरे देण्याचा नाही. त्याऐवजी लिहा : ‘अमुक आर्थिक वर्षाचा एनसीएएला सादर केलेला वित्तीय अहवाल, सर्व परिशिष्टांसह’; ‘क्रीडा विभागाला दिलेल्या अंतर्गत कर्जांचे मंजुरीपत्र व परतफेडीचे वेळापत्रक’; ‘फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचा चालू करारनामा, दुरुस्त्या व पुरवणी पत्रांसह’. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक फाइली कायद्याने झाकलेल्या असल्या, तरी नाव, पद, वेतन, नोकरीचा काळ, नोकरी सुटल्याची तारीख व कारण या गोष्टी खुल्या आहेत.

नकार आला, तर शासकीय नोंदी परिषदेकडे तक्रार करता येते किंवा न्यायालयात जाता येते. पूर्वी अर्जदार जिंकला की वकिलाचा खर्च संस्थेकडून मिळत असे. २०२४ च्या दुरुस्तीने ते सैल केले. संस्थेने अवाजवी नकार दिला, वाईट हेतूने वागली किंवा जाणूनबुजून कायदा मोडला, हे दाखवले, तरच आता तो हक्काने मिळतो. माझ्या मते अलीकडच्या काळात न्यू जर्सीच्या सामान्य अर्जदाराला बसलेला हा सर्वांत मोठा फटका आहे, कारण नकार पचवणे संस्थेला आता स्वस्त पडते.

मुलीची काळजी वाटणे साहजिक आहे. अर्जात ती विद्यार्थिनी असल्याचा उल्लेख करण्याचे काही कारण नाही. अर्ज आपण आपल्या नावाने करू शकता, आणि निनावी अर्जालाही या कायद्यात वाव आहे. फक्त पुढे भांडायची वेळ आली, तर नावानिशी उभे राहावे लागेल.

प्रश्न : मी अटलांटाजवळ राहतो. राज्य विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे प्रवासखर्चाची कागदपत्रे मागितली, तर ‘९० दिवसांत कळवू’ असे उत्तर आले. माझ्या माहितीप्रमाणे जॉर्जियात तीन दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे मला टोलवत आहेत का? (अल्फारेटा, जॉर्जिया)

उत्तर : टोलवत आहेत, पण कायद्याच्या आधाराने. जॉर्जियात इतर सर्व सरकारी कार्यालयांना तीन कामकाजाचे दिवस मिळतात. २०१६ मध्ये विधिमंडळाने सरकारी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांपुरती ही मुदत ९० कामकाजाचे दिवस केली. मूळ विधेयक औद्योगिक प्रकल्पांच्या गोपनीयतेचे होते, त्यात खेळांचे कलम मागाहून घुसवण्यात आले. राज्यपाल नेथन डील यांनी एप्रिलमध्ये सही केली आणि जुलैपासून ते अमलात आले. लोक त्याला कर्बी स्मार्ट यांच्या नावाने ओळखतात, कारण डिसेंबर २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि पुढच्या काही महिन्यांतच हा बदल झाला. प्रतिस्पर्ध्यांना आमच्या खेळाडू-भरतीचा सुगावा लागू नये, असे समर्थन देण्यात आले.

कॅलेंडर घेऊन बसा म्हणजे गंमत कळेल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण अर्ज केला, तर शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सोडून ९० दिवस मोजेपर्यंत जानेवारीचा मध्य येतो. म्हणजे हंगाम सुरू होताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हंगाम आटोपल्यावर मिळते आणि तोवर बातमी शिळी होते. कागद नाकारला नाही, फक्त उशिरा दिला, असे म्हणायला सगळे मोकळे.

दोन गोष्टी तरीही आपल्या बाजूने आहेत. कारकुनी नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाची माहिती या सवलतीतून वगळलेली आहे, ती जुन्याच मुदतीत मागता येते. आणि ‘आमची क्रीडा संघटना ही विद्यापीठापासून वेगळी खासगी संस्था आहे’ हा बचाव जॉर्जियात चालत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच मेकॉनच्या एका वृत्तपत्राच्या दाव्यात तो निकालात काढला आहे. आपण प्रवासखर्चाचा अर्ज मागे घेऊ नका. चालू वर्षाचे कागद मागत असाल, तर मागच्या वर्षाचेही त्याच अर्जात मागा. थांबायचेच आहे, तर दोन वर्षांसाठी एकदाच थांबावे.

प्रश्न : मुलाला नॉर्थवेस्टर्न आणि इलिनॉय विद्यापीठ असे दोन्हीकडे प्रवेश मिळू शकतो. खेळांवरचा खर्च कोण उघडपणे सांगतो, हे आम्हाला पाहायचे आहे. (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : प्रवेश ठरवायला ही कसोटी जरा आडवाटेची वाटते, पण विचारलेच आहे तर सांगतो. इलिनॉय विद्यापीठ सरकारी आहे, तिथे राज्याच्या माहिती कायद्याखाली पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर मागता येते. नॉर्थवेस्टर्न खासगी असल्याने तो कायदा तिथे लागू नाही. तरीही दोन दारे उघडी असतात. एक म्हणजे प्राप्तिकर खात्याकडे जाणारे ९९० क्रमांकाचे विवरणपत्र. त्यात सर्वाधिक वेतन घेणाऱ्यांची नावे आणि रकमा असतात, आणि मोठ्या क्रीडा विद्यापीठात त्या यादीत कुलगुरूच्या वर प्रशिक्षकाचे नाव दिसले, तर दचकू नका. ही माहिती मात्र साधारण दीड-दोन वर्षे जुनी असते. दुसरे म्हणजे १९९४ च्या क्रीडा समानता प्रकटीकरण कायद्याखाली दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत उपलब्ध करून द्यावा लागणारा अहवाल. तो सरकारी आणि खासगी दोघांनाही बंधनकारक आहे आणि शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात कित्येक संस्थांचे उत्पन्न आणि खर्च डॉलरपर्यंत सारखे आढळतील. कारण आपण पहिल्या उत्तरात पाहिलेच आहे.

‘सरकारी असेल तर उघडे’ हेही सगळीकडे खरे नाही. पेन स्टेटला राज्याचा पैसा मिळतो, पण पेनसिल्व्हेनियाच्या २००८ च्या माहिती अधिकार कायद्याने त्याला बहुतांशी बाहेर ठेवले आणि ठरावीक वार्षिक विवरणावर भागवले. २०११ मध्ये तिथले माजी सहायक फुटबॉल प्रशिक्षक सँडस्की यांनी केलेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण फुटले, तेव्हा या सवलतीवर बरीच टीका झाली.

प्रश्न : कार्यालयातल्या मित्रांच्या आग्रहाने एका विद्यापीठाच्या फुटबॉल निधीला देणगी द्यावी म्हणतो. त्याबदल्यात चांगल्या जागांची तिकिटे मिळतात. करसवलत मिळेल का, आणि माझे नाव गुप्त राहील का? (पार्सिपनी, न्यू जर्सी)

उत्तर : जागेचा हक्क मिळावा म्हणून दिलेल्या रकमेच्या ८० टक्क्यांवर पूर्वी वजावट मिळत असे. २०१७ च्या करकायद्याने ती २०१८ पासून पूर्ण बंद झाली. गुप्ततेविषयी न्यू जर्सीचा कायदा मला शहाणपणाचा वाटतो. देणगीदाराने अट घातली तर सार्वजनिक विद्यापीठ त्याचे नाव झाकू शकते, पण देणगीच्या बदल्यात त्याने विद्यापीठाकडून काही लाभ घेतलेला नसला तरच. इमारतीला किंवा बाकाला नाव देण्याची विनंती चालते. चांगल्या जागा घेऊन नावही गुप्त ठेवायचे, हे जमणार नाही.

आपण न विचारलेली एक गोष्टही सांगतो. पावतीवर देणगीचा हेतू लिहून घ्या. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढले, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे निघाले, म्हणजे माणसाने काम न करण्याचे पैसे. त्यातला सुरुवातीचा हप्ता देणगीदारांच्या संस्थेकडे जमलेल्या, कोणतीही अट न घातलेल्या देणग्यांतून देण्याचे विद्यापीठाने जाहीर केले. ‘विद्यार्थी खेळाडूंच्या शिष्यवृत्तीसाठी’ एवढे तीन शब्द पावतीवर असते, तर तो पैसा तिकडे वळवता आला नसता.

प्रश्न : आता विद्यापीठे खेळाडूंनाच पैसे देतात असे वाचले. आमच्या राज्य विद्यापीठाला कोणत्या खेळात किती दिले ते विचारले, तर ‘विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय असतात’ म्हणून नकार मिळाला. हे योग्य आहे का? (कोलंबस, ओहायो)

उत्तर : अर्धे योग्य आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. तीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत मिळणार आहे आणि २०२५–२६ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटता येतात, त्या पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पैसा नवा आहे, पण त्याच्यावर घातलेले पांघरूण जुने आहे.

ते पांघरूण म्हणजे फर्पा, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा. त्याचे जनक सिनेटर जेम्स बकली यांनी नंतर स्वतःच तक्रार केली होती की गुणपत्रिका झाकण्यासाठी केलेला कायदा विद्यापीठे भलत्याच गोष्टी झाकायला वापरतात. न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. आपल्याच राज्यात, जिम ट्रेसल यांना ओहायो स्टेटचे प्रशिक्षकपद सोडावे लागलेल्या प्रकरणातली कागदपत्रे ईएसपीएनने मागितली, तेव्हा २०१२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने बराचसा कौल विद्यापीठाच्या बाजूने दिला. मात्र ओळख पटेल असा मजकूर झाकून जे देता येईल ते द्यावे, असेही सांगितले. त्याआधी २००९ मध्ये फ्लोरिडात याच्या उलट घडले होते. फ्लोरिडा स्टेटच्या परीक्षा-गैरप्रकाराची कागदपत्रे एनसीएएने स्वतःच्या कुलूपबंद संकेतस्थळावर ठेवली, विद्यापीठाच्या वकिलांना ती तिथे फक्त वाचता येत होती, आणि मग ‘विद्यापीठाकडे कागदच नाही’ असा बचाव करण्यात आला. अपील न्यायालयाने तो मानला नाही. विद्यापीठाच्या कामासाठी वापरलेला कागद कोणाच्याही संगणकावर असला तरी सार्वजनिकच, असा त्याने निर्वाळा दिला. ही क्लृप्ती आजही नव्या नव्या रूपात दिसते, म्हणून तो निकाल लक्षात ठेवावा.

आपल्यासाठी वाट सरळ आहे. कोणाही एका खेळाडूचा करार मागू नका. खेळनिहाय एकूण वाटपाचे पत्रक, विश्वस्त मंडळापुढे ठेवलेले टिपण आणि क्रीडा विभागाचे मंजूर अंदाजपत्रक मागा. त्यांत कोणाचेही नाव नसते, मग गोपनीयता कोणाची? पोहण्याच्या किंवा कुस्तीच्या संघाला शून्य आणि फुटबॉलला बहुतांश, एवढे जरी त्यातून कळले तरी पालकांच्या दृष्टीने ते पुष्कळ आहे. काही राज्यांनी खेळाडूंचे करार माहिती कायद्यातून वगळणारी कलमे केली आहेत, पण बेरजेच्या पत्रकाला ती लावणे ओढूनताणून होईल.

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाची मुले विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली. आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास झाला, दैनिक भत्ता अर्धाच हातात पडला आणि ट्रॅकसूट स्पर्धा संपल्यावर आले. मुले दरवर्षी क्रीडा शुल्क भरतात. माहितीचा अर्ज केला, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून फेटाळला. आता काय करू? (गडहिंग्लज, जि. कोल्हापूर)

उत्तर : सर, आपले पत्र वाचताना वर आलेल्या सगळ्या कोट्यवधी डॉलरच्या गोष्टी जरा फिक्या वाटल्या. विनाआरक्षण डब्यात दाराजवळ बसून रात्र काढलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानात उतरवायचे, आणि पदक आले नाही की ‘आपल्याकडे खेळाची संस्कृतीच नाही’ म्हणायचे.

आपण बहुधा खेळाडूंची नावे आणि प्रत्येकाला मिळालेली रक्कम मागितली असावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधली वैयक्तिक माहितीची सूट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने फार रुंद केली आहे, त्यामुळे नाव असलेला कागद मागितला की जनमाहिती अधिकाऱ्याला आयते कारण मिळते. व्यापक लोकहितासाठी माहिती देता येते असे सांगणारे कलम ८(२) शाबूत आहे आणि अपिलात त्याचा आधार जरूर घ्या. पण मुळात भांडणाला जागाच ठेवू नये हे बरे.

अशा दौऱ्याचा पैसा कसा फिरतो ते आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. संघव्यवस्थापकाच्या नावे उचल निघते, दौऱ्याहून परतल्यावर पावत्या जोडून तिचे समायोजन करायचे असते आणि उरलेली रक्कम भरायची असते. म्हणून मागायचे ते असे : त्या स्पर्धेसाठी मंजूर उचलीचा आदेश, उचल समायोजनाचे देयक, तिकिटांच्या व पावत्यांच्या प्रतींसह, खेळाडूंची नावे झाकून, संघातल्या खेळाडूंची केवळ संख्या आणि विद्यापीठाचे त्या वेळी लागू असलेले दैनिक भत्त्याचे दर. संख्या, दिवस आणि दर यांचा गुणाकार आपण घरी करू शकता आणि देयकातल्या रकमेशी ताडून पाहू शकता. भत्ता पूर्ण दाखवला आणि मुलांना अर्धा मिळाला, असे निघाले, तर मुले स्वतः लेखी देऊ शकतात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. गणवेशासाठी वेगळा अर्ज करा, कारण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. त्यात खरेदी आदेश, पुरवठादाराचे चलन आणि साठा नोंदवहीचे संबंधित पान मागा.

फेटाळलेल्या अर्जावर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. आयोगाकडे प्रकरणे तुंबून राहतात हे खरे, त्यामुळे जुने अपील चालू ठेवून वरच्या पद्धतीचे नवे अर्ज लगेच टाकावेत असे मी सुचवीन. दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावायचे आणि प्रतीला पानामागे दोन रुपये, एवढाच खर्च आहे. दुसरा रस्ता सभागृहातून जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा, २०१६ प्रमाणे वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल अधिसभेपुढे येतात. आपल्या भागातून निवडून गेलेल्या पदवीधर सदस्याला क्रीडा निधीची शिल्लक आणि समायोजित न झालेल्या उचलींची यादी विचारायला सांगा. शुल्क गोळा होते पण खर्च होत नाही, वर्षाअखेर शिल्लक मुदत ठेवीत जाते आणि मुले मात्र दाराजवळ बसून प्रवास करतात, असा प्रकार मी लेखापरीक्षणात एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. तिथे कोणी पैसा खाल्लेला नव्हता, आणि म्हणूनच कोणाला दोषही देता येत नव्हता.

साठा नोंदवही मात्र प्रतीवर समाधान न मानता प्रत्यक्ष पाहायला मागा. कायद्याने पाहणीचा हक्क दिलेला आहे आणि पहिल्या तासाला शुल्क नाही. ट्रॅकसूटची आवक ज्या तारखेला नोंदवली आहे तिच्या वरच्या आणि खालच्या ओळींच्या तारखा पाहा, शाई पाहा आणि चलनावरची तारीख शेजारी ठेवा. नोंद स्पर्धेच्या आधीची असेल आणि चलन नंतरचे, तर त्या पानाची प्रमाणित प्रत त्याच वेळी मागून घ्या. दुसऱ्या दिवशीवर ठेवू नका.